सहचालकाच्या नावापुढची रेघ

१

जुन्या गाडीविषयी लोक काहीही ठोकून देतात. आजोबांनी हिच्यात बसून शर्यत जिंकली, अमक्या नटीने हिच्या बॉनेटवर बसून फोटो काढला, तमक्या राजाने हिला मागणी घातली. मी ऐकून घेते, मान डोलावते आणि मग म्हणते, "कागद दाखवा." तीस वर्षं माझा हाच धंदा आहे. लिलावाला येणाऱ्या गाड्यांचा इतिहास मी लिहिते: कोणत्या साली बनली, कोणी चालवली, कोणत्या शर्यतीत कितवी आली, कुठे ठोकली. खाली 'एर्सिलिया' अशी माझी सही असली की मोदेनापासून मोनाकोपर्यंत कोणी पुन्हा विचारत नाही. फुशारकी नाही मारत. बरं, थोडी मारते.

फोंतानेझी कारखान्याच्या एका गाडीचं काम मार्चमध्ये आलं. पंचावन्न सालची लाल, उघडी, दोन सीटची शर्यतीची गाडी. तो कारखाना बंद पडूनच साठ वर्षं झालीत. गिझेल्ली नावाच्या बड्या घराण्याच्या गोदामात ती ताडपत्रीखाली पडून होती. माझ्या धाकट्या भावाने, तुल्लिओने, चार वर्षं खपून ती उभी केली. शहराबाहेर त्याचं गॅरेज आहे. बायको नाही, पोर नाही, जे काय प्रेम होतं ते सगळं पत्र्यावर. आम्हा दोघांना एकमेकांशिवाय कोणी नाही, आणि रविवारी मी केलेलं तोर्तेल्लीनी चापायला तो यायचा तेव्हा त्याच्या नखांतलं ग्रीस बघून मी दर वेळी नव्याने ओरडायची.

"एर्सिलिया, ग्रीस आहे, विष नाही," तो म्हणायचा.

या गाडीमुळे लिलावाच्या पुस्तकात त्याच्या गॅरेजचं नाव पहिल्यांदा छापून येणार होतं. छप्पन्नाव्या वर्षी माणूस लहान मुलासारखा उड्या मारत होता.

डाव्या सीटच्या मागे त्याला एक कातडी पाकीट सापडलं. (गाडी चालवणारा उजवीकडे, तेव्हाच्या शर्यतीच्या गाड्यांचं तसंच असे.) पाकिटात एक हिरवी पुस्तिका होती. पंचावन्न सालच्या चार घाटांच्या शर्यतीची. मोदेनाहून निघायचं, चार घाट चढून उतरायचे आणि व्हिल्ला सेराफिनीच्या फाटकात संपवायचं. वाटेत नऊ चौक्या, नववी फाटकातच. प्रत्येक चौकीवर शिक्का: गाव, वेळ, आणि पुढे शाईने हाताने लिहिलेला आकडा, गाडीत माणसं किती. सहा चौक्यांपर्यंत शिक्के होते, प्रत्येकापुढे '२'. सातवा, आठवा, नववा रकाना कोरा. निकालाच्या कागदावर गाडीपुढे लिहिलं होतं: बाद, इंजिन बिघाड.

इंजिन बिघडलं असतं तर तुल्लिओला कळलं असतं. "त्या इंजिनाला कोणी कधी हात लावलेला नाही," तो म्हणाला. "आईच्या पोटातून आलं तसं आहे."

२

म्हणून मी जुनी वर्तमानपत्रं धुंडाळली. आतल्या पानावर चार ओळी मिळाल्या आणि त्यातल्या नावावरून मी डोंगरातल्या एका गावी पोचले. आर्जिआ बेल्लेई, वय शहाऐंशी. तिने मला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी टाकली आणि टेबलाच्या खणातून तेच कात्रण काढलं. रुमालात गुंडाळलेलं.

"माझा भाऊ नार्चीसो. मेकॅनिक होता. गिझेल्ली चालवायचा आणि हा डावीकडे बसायचा, पुस्तिका सांभाळायचा." तिने आपलं मनगट दाखवलं. "तेव्हा वाटेत माणसं बदलायची लबाडी चालायची. म्हणून निघतानाच दोघांच्या मनगटाला तार बांधून शिशाचं सील ठोकायचे. शेवटी दोघांनी हात वर करून दाखवायचा. मगच तार कापायची, तीही पंचानेच. एक हात कमी भरला की गाडी बाद."

"मग त्या दिवशी?"

"सहाव्या चौकीच्या खाली वळण आहे. माझा भाऊ बाहेर फेकला गेला. गिझेल्ली थांबला नाही. सातव्या, आठव्या चौकीवरही थांबला नाही. फाटकात एकटा पोचला आणि म्हणाला, इंजिन तापलं." ती कॉफी ढवळत राहिली, साखर कधीच विरघळली होती. "दुसऱ्या दिवशी गुराख्याला सापडला. डॉक्टर म्हणाले, रात्रभर जिवंत असावा. मनगटावर तार नव्हती. ती कुठे गेली ते कोणी सांगितलं नाही."

मला खरंच वाईट वाटलं. ते आत्ता सांगून काय उपयोग, पण वाटलं.

"बाई, मला दुसरं काही नको. त्या पुस्तकात त्याचं नाव तेवढं लिहा."

मी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "हो, लिहीन की."

लिलाव मास्केरोनी करणार होता. केसांना तेल, बोलण्यात त्याहून जास्त. त्याला मी फोन केला तर म्हणाला, "बाईसाहेब, ज्या गाडीतून माणूस पडून मेला ती दिवाणखान्यात कोण ठेवील? खोटं लिहा म्हणत नाही मी. लिहू नका म्हणतोय. आणि तुमच्या भावाचं नाव याच पानावर आहे, बघा बुवा."

मी बघितलं. चालक: गिझेल्ली. सहचालक: आणि पुढे एक आडवी रेघ मारली. रेघ मारणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मी स्वतःला समजावलं. खाली सही केली.

३

चार दिवसांनी सगळे कागद खोक्यात भरताना मी पुस्तिका उघडली. सातव्या रकान्यात शिक्का होता.

काझोला, चार वाजून बारा मिनिटं. पुढे आकडा: १.

मी शांत बाई आहे. चष्मा पुसला, खिडकीशी गेले, भिंग लावलं. मग डोकं चालवायला लागले. दोन पानं चिकटली असतील आणि आता सुटली असतील. पण रकाना त्याच पानावर होता. मी आधी काढलेल्या छायाप्रतीत तो कोरा होता. छायाप्रतीत फिकट शाई उतरत नाही, असं होतं कधी कधी. पण ही शाई फिकट नव्हती. अंगठा लावला तर अंगठ्यावर जांभळी आली. दमट हवा, मी म्हटलं. जुनी शाई दमट हवेत सुटते. अंगठा साबणाने दोनदा धुतला, तरी नखाच्या कडेला जांभळं राहिलंच.

मग तुल्लिओला फोन लावला.

"काल कुठे होतास?"

"गाडी फिरवायला नेली होती. डोंगरात. का गं?"

"काझोलाला?"

"तुला कोणी सांगितलं? तिथल्या टपरीवाल्याने चुगली केली वाटतं! चार-सव्वाचारला होतो. काय चालते म्हणून सांगू! फक्त डावीकडे ओढते."

"डावीकडे?"

"शेजारी कोणी बसलं की कशी ओढते, तशी. चाकं तपासली, स्प्रिंगा तपासल्या. सीटच्या गादीची स्प्रिंग तर नवी घातलीय, तरी दबून राहते. उतरलो की वर येते हळूहळू. गंमतच आहे."

"एकटाच होतास ना?"

"नाही, राजकन्या होती शेजारी!" तो हसला. "कोणाला बसवू, तू तर बसत नाहीस."

मी फोन ठेवला. आकडा एक होता आणि तो एकटा होता. हिशोब तरी जुळत होता. तेवढ्यावर मी त्या दिवशी जेवले.

४

लिलावाच्या जाहिरातीसाठी फोटो काढायचे होते. मास्केरोनीने जागा निवडली तांबड्या पुलाची, आणि मला ऐकताक्षणी कळलं की आठवी चौकी तिथेच होती. मी म्हटलं मीही येते. पुस्तिका पर्समध्ये टाकली. निघण्याआधी उघडून बघितली: सात शिक्के, आठवा रकाना कोरा. हे मी मोठ्याने म्हटलं, म्हणजे नंतर मन फिरायला नको.

सकाळचे अकरा वाजले होते, लख्ख ऊन. तुल्लिओ पुलावरून गाडी घेऊन आला. एकटा. मी नीट बघितलं. फोटोवाला दादा-बाबा करत त्याला पुढे घे, मागे घे सांगत होता. मी डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. सीटचं कातडं खोल दबलेलं होतं, आणि पाठीकडे, खांद्याच्या उंचीला, एक ओलसर डाग होता.

तुल्लिओने हात हलवला तेव्हा मनगटावर काहीतरी चमकलं.

"ते काय आहे?"

"अगं, सांगायचंच राहिलं! सीटखाली मिळालं. शिशाचं सील, तारेसकट. काय मजा आहे बघ, तार कुठेच कापलेली नाही. अशी अख्खी बंद कडी. मुलाच्या हाताएवढी. मी म्हटलं जाते का बघू, तर गेली की! आपल्यालाही नशीब लाभू दे."

बंद कडी. मोठ्या माणसाच्या हातातून कापल्याशिवाय निघणारच नाही अशी.

"काढ ते."

"आता निघत नाही. साबण लावून बघतो घरी."

"आत्ता काढ, मेल्या! पक्कड आण."

"पंचाशिवाय कापायची नसते," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसला. "हे कुठे ऐकलं मी? तूच सांगितलं असशील."

मी सांगितलं नव्हतं. आर्जिआविषयी मी त्याला एक शब्द सांगितला नव्हता, कारण सांगितलं असतं तर रेघेचंही सांगावं लागलं असतं.

मी पुलाच्या कठड्याला टेकून पुस्तिका उघडली. आठवा शिक्का ओला होता. तांबडा पूल, अकरा वाजून सात मिनिटं. पुढे आकडा: २.

तेव्हा हिशोब उलटा लागला. पंच माणसं मोजत नाही. पंच सीलं मोजतो. काझोलाला तुल्लिओच्या हाताला काही नव्हतं. म्हणजे सातव्या रकान्यातला तो 'एक' तुल्लिओ नव्हता.

५

घरी आणून मी त्याला सगळं सांगितलं. कात्रण, आर्जिआ, रेघ. तो ताटावरून उठला नाही, पण काटा खाली ठेवला.

"तू त्याचं नाव खोडलंस?"

"खोडलं नाही. लिहिलं नाही."

"एर्सिलिया." एवढंच म्हणाला. चिडला असता तर बरं झालं असतं. "उद्या मास्केरोनीला फोन कर. माझं नाव गेलं तरी चालेल."

मी लगेच केला. मास्केरोनी म्हणाला, पुस्तकं छापून, पाकिटात भरून, निम्म्या जगात पोचलीत. आता एक अक्षर बदललं तर सगळे विचारतील आधी का नव्हतं. रविवारी लिलाव आहे, डोकं शांत ठेवा. आणि हो, जागा ठरली: व्हिल्ला सेराफिनी. जिथे शर्यत संपायची तिथेच! तुमचा भाऊ शेवटचे तीन किलोमीटर चालवत आणेल, फाटकातून आत, थेट मंचापर्यंत. लोक वेडे होतील.

मी तुल्लिओचे पाय धरायचे बाकी ठेवले. गाडी ट्रकवरून ने. तार कापून टाक. आम्ही पक्कड लावली. पक्कडीचं तोंड वाकलं. ते शिसं होतं, नखाने ओरखडा निघावा असं मऊ, आणि पक्कडीचं तोंड वाकलं. तुल्लिओ मनगट चोळत बसला.

"तार जुन्या पोलादाची आहे," तो म्हणाला. "तेव्हाचं पोलाद असंच होतं."

"तुझा विश्वास आहे यावर?"

"माझा विश्वास इंजिनावर आहे. चार वर्षं मी तिच्याशी बोलतोय. शेवटचे तीन किलोमीटर ट्रकवरून? तूच सांग, तू तुझी सही दुसऱ्याला करू देशील?" मग म्हणाला, "आणि तो बिचारा कोणाचं काय वाकडं करणार? त्याला फक्त फाटकापर्यंत जायचंय. नेतो की. कोणीतरी न्यायलाच हवं ना त्याला."

असा होता माझा भाऊ. याला मूर्ख म्हणायचं की देवमाणूस, मला आजही ठरवता येत नाही.

६

रविवारी दुपारी व्हिल्लाच्या हिरवळीवर पांढऱ्या खुर्च्या मांडल्या होत्या. पंखे हलत होते, ग्लास किणकिणत होते. मी फाटकाच्या आत, पहिल्या झाडाखाली उभी होते. पर्स छातीशी धरलेली. आर्जिआलाही बोलावलं होतं मी, पण ती आली नाही. नाव आहे का, एवढं तिने फोनवर विचारलं आणि मी गप्प राहिले तेव्हा तिने फोन ठेवला.

तीन वाजता खालून आवाज आला. ते इंजिन मी शंभरात ओळखीन. पहिलं वळण, गियर खाली. दुसरं वळण. तिसऱ्या वळणाला आवाज एकदम चढला, चाकं किंचाळली, आणि मग पुन्हा सुरळीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्केरोनी माइकवर म्हणाला, "ऐका! सत्तर वर्षांपूर्वी हाच आवाज!"

गाडी फाटकातून आत आली.

झाडांच्या सावल्या पडत होत्या, ऊन-सावली, ऊन-सावली. काच चमकत होती. मी हे सगळं सांगते आहे कारण मी कागदांची बाई आहे आणि काय दिसू शकतं, काय नाही, ते मला कळतं. उजव्या सीटवर कोणी नव्हतं. डाव्या सीटवर होतं. ताठ बसलेलं, डोक्याला कातडी टोपी घट्ट. तोंड मला दिसलं नाही, कारण त्याने डावा हात वर केला होता, मनगट पुढे करून. दाखवत होता. गाडी माझ्यासमोरून गेली आणि त्या हाताची बाजू माझ्याकडे झाली. शाळेत मूल हजेरी देतं तसा हात.

मग ऊन काचेवर आलं. गाडी मंचासमोर थांबली, इंजिन आपोआप बंद झालं. टाळ्या चालू होत्या आणि एकेक करून थांबल्या. आत कोणी नव्हतं. डाव्या सीटची गादी हळूहळू वर येत होती.

चालकाच्या सीटपुढे, पेडलांशी, तारेची कडी पडली होती. शिशासकट. कुठेच न कापलेली.

मी पळत सुटले ते उताराच्या दिशेने. तिसऱ्या वळणाखाली, झुडपांत, तुल्लिओ सापडला. मला वेळ लागला नाही, मला रात्र लागली नाही, एवढंच देवाने केलं. तरी उशीर झालाच होता. त्याच्या मनगटावर तारेचा लाल वळ होता आणि नखांत ग्रीस. मी रुमालाने ते ग्रीस पुसत बसले. लोक म्हणाले, बाई, उठा. मी म्हटलं, थांबा, नखं राहिलीत.

पुस्तिका मी आठवड्याने उघडली. नववा शिक्का: व्हिल्ला सेराफिनी, तीन वाजून चार मिनिटं. आकडा: १.

७

पोलिसांनी लिहिलं: वळणावर तोल गेला, गाडी वेगाच्या जोरावर पुढे गेली. चढावर, दीड किलोमीटर, फाटकातून वळून. कागदावर लिहिलं की झालं, हे मीच लोकांना तीस वर्षं शिकवलंय.

मी पहिलं काम केलं ते हे, की नार्चीसो बेल्लेई हे नाव माझ्या हाताने लिहून, सही करून, आर्जिआला नेऊन दिलं. तिने वाचलं, घडी केली, कात्रणाच्या रुमालात ठेवलं. मग म्हणाली, "तुमचाही भाऊच होता ना?" आणि मला पहिल्यांदा रडू फुटलं. तिच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. ती पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि कशाबद्दल फिरवते आहे हे तिला ठाऊक होतं, तेच मला सहन होत नव्हतं.

गाडी परत गिझेल्लींकडे गेली. या मार्चमध्ये ती पुन्हा विकायला निघाली आहे, दुसरा लिलाव, दुसरं शहर. त्यांच्यासाठी गाडीचा इतिहास लिहिणारा माणूस परवा घरी आला. पन्नाशीचा, नीटनेटका, चांगला वाटला. मी कॉफी टाकली. शर्यतीची माहिती दिली, शिक्के दाखवले. त्याने आकडे बघितले आणि पुस्तिका मिटली. जुन्या शाईला काय विचारायचं. मग मी खणातून कात्रण काढलं. तुल्लिओचं. मीही ते रुमालातच ठेवते.

"चार वर्षं खपून गाडी याने उभी केली. शेवटी चालवली पण यानेच," मी म्हणाले. "आणि हा दुसरा, नार्चीसो. मला दुसरं काही नको. दोघांची नावं तेवढी लिहा."

तो कात्रणाकडे बघत राहिला, खरंच वाईट वाटल्यासारखा. मग त्याने पेनाला टोपण लावलं.

"हो," तो म्हणाला, "लिहीन की."